आटपाडीचं व्याख्यान

माझे पती सांगलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर विद्यापीठाच्या बहिःशाल व्याख्यानांसाठी त्यांना जास्तच बोलावणी यायला लागली. विद्यापीठ वक्ता पाठवतं, गावातलं कॉलेज नाहीतर वाचनालय सभागृह देतं आणि ज्याला वाटेल त्यानं येऊन ऐकायचं, असा तो प्रकार. यांचे विषय ठरलेले असत. युद्ध आणि महागाई, पाण्याचं राजकारण, बदलतं हवामान आणि आपण. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावणं सोडलं, तेव्हापासून गाडी मी चालवते. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. राजकारणात मला फारसा रस नव्हता. पण पुढच्या रांगेत बसून बसून त्यांची व्याख्यानं मला पाठ झाली होती. कुठल्या वाक्यानंतर लोक हसणार आणि कुठं थांबून ते पाण्याचा घोट घेणार, हेसुद्धा मला आधी कळायचं.

जगाची गोष्ट ते नेहमी त्या गावच्या मालापासून सुरू करत. सांगलीत हळद, तासगावला बेदाणा, पाचगणीला स्ट्रॉबेरी. कुठल्या तरी परक्या समुद्रात युद्ध पेटलं की बोटींचा रस्ता बदलतो, भाडं वाढतं आणि इथला माल कसा पडून राहतो, हे ते असं सांगायचे की मागच्या बाकावर पेंगणारा माणूसही सावरून बसायचा.

गेल्या हिवाळ्यात वाईला मला पहिल्यांदा खटकलं. "याची तीन कारणं आहेत," म्हणाले, दोन सांगितली आणि सगळ्यांचे आभार मानून खाली बसले. टाळ्या झाल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. परतताना मी म्हटलं, "अहो, तिसरं कारण राहिलं."

"वेळ संपत आली होती गं."

वेळ भरपूर होती. पण मी वाद घातला नाही. वय झालंय, दमले असतील, अशी मीच माझी समजूत घातली. त्याच महिन्यात ते दोनदा बँकेतून घरी न येता जुन्या कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. तेव्हाही मी तशीच समजूत घातली.

मग आटपाडीचं व्याख्यान आलं. दुपारची वेळ, कॉलेजचं पत्र्याचं सभागृह, बाहेर ऊन रखरखत होतं. माझ्या शेजारी डाळिंबवाले शेतकरी, काही शिक्षक आणि हजेरीसाठी बसवलेली मुलं. पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्या तरुण प्राध्यापिका यांच्याच विद्यार्थिनी होत्या. त्यांनी फार मनापासून ओळख करून दिली.

हे उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रहो, तुमच्या गावची स्ट्रॉबेरी आज सकाळी तुमच्या आधी उठून प्रवासाला निघाली."

लोक खळखळून हसले. आटपाडीच्या माळावर स्ट्रॉबेरी! सरांनी मुद्दाम गंमत केली असं त्यांना वाटलं. मला मात्र हसू आलं नाही. कारण पाचगणीचं व्याख्यान याच वाक्यानं सुरू व्हायचं.

पुढं काही वेळ नीट चाललं. बोटी, तेल, खतं, सगळं क्रमानं आलं. मग ते थांबले. टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडं बघत राहिले, पण पेला उचलला नाही. आणि पुन्हा म्हणाले, "मित्रहो, तुमच्या गावची स्ट्रॉबेरी..." या वेळी कुणी हसलं नाही. मुलांमध्ये कुजबुज झाली. बोटी पुन्हा निघाल्या, तेल पुन्हा महाग झालं आणि त्याच जागी येऊन ते परत अडले.

पुढचं वाक्य मला ठाऊक होतं. मी अर्धवट उठून हळूच म्हणाले, "आणि भाडं कोण भरतं..."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शांतपणे, अनोळखी श्रोत्याकडं पाहावं तसं. "बाई, प्रश्न शेवटी घेऊ," म्हणाले.

लग्नानंतर त्यांनी मला कधी बाई म्हटलं नव्हतं. मी खाली बसले. प्राध्यापिका माझ्या खुर्चीशी वाकल्या. "मॅडम, थांबवू का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढ्यात शेजारचे एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "आवं, सर लय दमल्यात. बसवा जरा त्यास्नी." मग आम्ही दोघींनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकवत नाहीत.

गाडीत बसल्यावर मला त्यांनी नावानं हाक मारली. "सभा बरी झाली ना गं?"

"चांगली झाली," मी म्हटलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूचा फोटो दाखवला आणि जे सांगायचं ते सांगितलं. विसरणं वाढत जाणार. औषधानं वेग थोडा कमी होईल, एवढंच. हे शेजारीच बसून ऐकत होते, मान हलवत होते, जणू कुणा दुसऱ्याच्या देशाची परिस्थिती ऐकतायत. मी उरलेल्या ठिकाणी फोन करून व्याख्यानं रद्द केली.

महिनाभरानं त्यांनी विचारलं, "यंदा कुठूनच बोलावणं नाही?"

मी पटकन म्हणाले, "व्याख्यानं बंद केली म्हणे विद्यापीठानं. लोक येत नाहीत."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "जगात एवढी आग लागलीय," म्हणाले, "आणि लोकांना ऐकायचंच नाही." रात्री जेवले नाहीत. दोन दिवसांनी विसरले आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि त्यांना पुन्हा तितकंच लागलं, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. असं कितीदा झालं. त्यांचा आजार त्यांच्यापासून लपवायला मी त्यांच्यासमोर सगळं जग बहिरं करून ठेवलं होतं.

शेवटी एका सकाळी मी खरं बोलले. "तुम्हाला विसरायला होतं. बोलता बोलता अडता. म्हणून मीच नको सांगितलं."

त्यांचा चेहरा पार उतरला. मग म्हणाले, "लोकांसमोर झालं?"

"हो."

"मग बरं केलंस." आणि चहाचा कप तसाच ठेवून आत जाऊन आडवे झाले.

तेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आता ते विचारतात तेव्हा मी आधी त्यांचा चेहरा बघते आणि त्या दिवशी कुठलं दुःख त्यांना जरा कमी बाधेल याचा अंदाज घेते. काल मी व्याख्यानं बंद झाल्याचं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला आणि विचारलं, "आटपाडीलासुद्धा? तिथं तर केवढ्या टाळ्या पडल्या होत्या."