मेजरच्या ग्रिलमधला करंट

ग्रिलला हात लावला आणि मी पायरीवरून थेट अंगणात येऊन बसलो. खांद्यापर्यंत झिणझिण्या. पिशवीतले स्क्रू सगळीकडे पांगलेले.

मेजर तेच ग्रिल दोन्ही हातांनी धरून आतून मला बघत होते. "काय झालं, सिकंदर? पाय घसरला का?"

"मेजर, ग्रिल सोडा आधी. करंट उतरलाय."

"कुठं? मला कायबी लागत न्हाई."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. जाड रबरी चपला. त्यांना साखरेचा त्रास. पायाला जखम होऊ नये म्हणून डॉक्टरांनी घरातही चप्पल घालायला सांगितली होती. मी मात्र रीतीप्रमाणं चप्पल बाहेर काढून, ओल्या पायरीवर उभा राहून ग्रिल धरलं होतं. करंटला जमिनीत जायला वाट लागते. माझ्या पायांतून त्याला ती मिळाली. त्यांच्या चपलेनं ती अडवली होती.

माझं कडेगावात इलेक्ट्रिकचं दुकान आहे. हे मेजर म्हणजे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले गृहस्थ. आमच्याकडं फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. मुलगी लग्न होऊन बेळगावला. बायको दोन वर्षांपूर्वी वारली. गावाच्या टोकाला, उसाच्या कडेला, नोकरीत असताना बांधलेलं स्लॅबचं घर. व्हरांड्याचा बल्ब फडफडतो आणि पंखा मधेच थांबतो, एवढ्यासाठी त्यांनी मला फोन केला होता.

मेन स्विच बंद करून मी बोर्ड उघडला. चाळीस वर्षांपूर्वीचं वायरिंग. वायरवरचं रबर बिस्किटासारखं तुटत होतं. अर्थिंग बघितलं. अर्थिंग म्हणजे घरात कुठं करंट उतरला तर तो माणसातून न जाता तारेनं जमिनीत जावा, याची सोय. इथली तार गंजून जमिनीजवळच तुटली होती. म्हणजे सोय नावालाच.

मी काम करत होतो आणि मेजर बोलत होते. थांबतच नव्हते. जम्मूतली थंडी, उसाचा भाव, लेकीच्या सासरचं घर. मधे उठून चहा केला. कपाटातून कपबशी काढली, तिच्यावरची धूळ फुंकली, मग परत धुऊन आणली. व्हरांड्यात सहा खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीचीच गादी दबलेली.

"कोण येत नाही का इकडं?" मी सहज विचारलं.

"ही हुती तवर लय यायची माणसं. वर्षश्राद्ध झालं आणि एकेक बंद झालं. दूधवालीसुदीक दूध कंपाउंडवर ठेवून जाती." ते जरा हसले. "माझ्या ध्यानात आलं. समदी हिच्यासाठी येत हुती. माझ्यासाठी कोन येतंय?"

स्लॅबपर्यंत पोचायला माझी शिडी कमी पडली. मेजर म्हणाले, "शेजारी हाय मोठी. तूच जा. मी गेलो की दार लावून घेत्यात."

शेजारच्या शालनवहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. शिडी मेजरकडं न्यायची आहे म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

"आवं, तुमी कशाला गेलाय तिथं? त्यानं ग्रिलला करंट सोडलाय."

"सोडलाय?"

"मग काय! आमच्या शेळ्यांनी त्याची पपई खाल्ली म्हनून भांडान झालं हुतं. उसाला डुकरं येत्यात म्हनून तारंला करंट लावत्यात, तसं ह्यानं दाराला लावलाय. संक्रांतीला मी गुळाची पोळी घिऊन गेले, तर हाक मारायच्या आत ताटासकट फेकली मला. मागल्या आळीतल्या आक्कालाबी झटका बसला. आमचं मालक पोलिसांत अर्ज देनार हायेत."

"वहिनी, त्यांना विचारलं का कुणी?"

"मुद्दाम लावल्याल्या मानसाला काय इचारायचं?"

शिडी घेऊन परत आलो. ग्रिलची चौकट जिथं स्लॅबला टेकते, तिथं बल्बची वायर चौकटीमागून गेली होती. रबर गळून उघडी तार लोखंडाला चिकटली होती. ग्रिल कोरड्या भिंतीत असल्यामुळं फ्यूज उडत नव्हता. उघड्या पायाचा माणूस येईपर्यंत करंट नुसता थांबून राहायचा.

ती वायर काढून टाकली, नवी पाइपमधून फिरवली. नळाशेजारी खड्डा खणून नवं अर्थिंग पुरलं. मग हात धुऊन मेजरांसमोर बसलो आणि वहिनींनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

मेजर शेजारच्या अंगणाकडं बघायला लागले.

"शालन पडली?" एवढंच विचारलं.

"हो."

"आणि त्यास्नी वाटलं, मी लावला."

मी मान हलवली. ते उठले. बादलीभर पाणी व्हरांड्यात ओतलं आणि चपला काढायला लागले. मी म्हटलं, "थांबा, तपासायचं काम माझं." टेस्टर लावून बघितला, मग स्वतः ओल्यात उभं राहून ग्रिल धरलं. काही नाही. मग मेजर अनवाणी आले. दोन्ही हातांनी ग्रिल धरून शेजारच्या अंगणाकडं तोंड करून उभे राहिले.

"शालन! वायर खराब झाली हुती गं! मी लावला नव्हता!"

वहिनी बघत होत्या. त्यांचे मालकही दारात आले. मी ओरडून सांगितलं, "खरं आहे, दादा. मीच काढली वायर." वहिनींनी कपड्यांची रिकामी बादली उचलली आणि दोघं आत गेले.

मेजर तसेच उभे. पाय ओले. मीच त्यांच्या चपला पुढं सरकवल्या.

"आता येतील का रं?"

"करंट गेलाय, मेजर," एवढंच म्हणालो.

करंट बाहेर गळायला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइट तोडणारा एक स्विच येतो. तो सांगलीहून मागवला होता. बसवायला पुढच्या आठवड्यात गेलो, तर व्हरांड्यात वहिनींचे मालक खुर्चीच्या कडेवर बसलेले. अर्ज दिला नव्हता म्हणाले. वहिनी कंपाउंडच्या बाहेरूनच बोलत होत्या. आत आल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. मागल्या आळीतली माणसं अजून लांबूनच रामराम घालतात, असं मेजरांनी सांगितलं.

मला सोडायला फाटकापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "ही असती तर दुसऱ्याच दिशी जाऊन इचारलं असतं, का येत न्हाईसा म्हनून. मी येक वरीस बसून हुतो. इचारलंच न्हाई."

गिऱ्हाइकांना मी तेव्हापासून दोन गोष्टी सांगतो. घर जुनं असेल तर अर्थिंग दरवर्षी तपासून घ्या. आणि शेजारी यायचे बंद झाले तर जाऊन कारण विचारा. पहिल्या कामाला मला बोलावता येतं. दुसऱ्याला वायरमन मिळत नाही.