पोट भरल्याचा निरोप

अंधेरीच्या एमआयडीसीत, औषधं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी उंदरांबरोबर काम करते. माझे उंदीर जन्मजात लठ्ठ. शरीरातली चरबी मेंदूला ‘बस्स, पुरे’ असा निरोप धाडते, तो यांच्यात तयारच होत नाही. स्वादुपिंडालाही तोच निरोप आवरतो; तो नाही म्हटल्यावर ते इन्सुलिन ओतत सुटतं. रक्त घ्यायच्या आधी आम्ही त्यांना उपाशी ठेवतो. मग ते पिंजऱ्याच्या तारा कुरतडत बसतात. तो आवाज माझ्यामागे घाटकोपरला घरी येतो. कुकरची शिट्टी थांबली की ऐकू येतो. मला त्याची भीती वाटते, आणि भीती वाटते याचा संतापही येतो.

माझी मुलगी नऊ वर्षांची. तान्ही असताना गुटगुटीत म्हणून सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढायच्या. आता त्याच सासूबाई तिचा हात पोचू नये म्हणून फरसाणाचे डबे कपाटावर चढवतात. “चेडवा, पोट आसा काय भाताची कणगी?” असं मालवणीत तिला विचारतात. सगळे हसतात. मुलगीही हसते, आणि हसता हसता माझ्या ताटाकडे बघते.

परवा तिचा रिपोर्ट आला. साखर ठीक, पण उपाशीपोटीचं इन्सुलिन भरमसाट. डॉक्टर म्हणाले, “जिभेवर ताबा ठेवायला शिकवा.” माझं डोकंच फिरलं. उंदरांच्या रक्तात असे आकडे मी रोज बघते. पुढचंही बघते: राब राब राबून स्वादुपिंड थकतं, मग साखर चढते. मुलगी म्हणजे उंदीर नव्हे, शंभर कारणं असतील, असं स्वतःला बजावलं. तरी तो निरोप तिच्या रक्तात आहे की नाही, हे तपासायचा हट्ट मीच धरला.

काल सकाळी तिला उपाशीच नेलं. रिक्षात ती फ्रॉकची कॉलर चावत बसली होती. मी बाहेर बघत राहिले. रक्त देऊन झाल्यावर नाक्यावर इडल्या घेतल्या. तिने आपल्या संपवल्या, मग माझ्याही. आज ओरडायचं नाही, असं ठरवलंच होतं. विचारलं, “पोट भरलं का गं?”

तिने पोटावर हात ठेवला. जरा दाबून बघितलं. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

“आई, भरलं की कसं वाटतं?”