मनालीचं ऑपरेशन आणि सुकापूरची मीटिंग

"आईची सही झालीय. आता तुमचं काय मध्येच?" डॉक्टरांनी विचारलं.

पनवेलच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात मी सोशल वर्कर होते. डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधे उभं राहून दोघांची बोलणी खायची, हे माझं काम. पेशंट होती मनाली. वीस वर्षांची, उलव्याकडच्या कोळीवाड्यातली, मतिमंद. तिला पाळीचं सांभाळता येत नाही म्हणून हिस्टरेक्टमी ठरली होती, म्हणजे गर्भाशयच काढून टाकायचं. आजार कसलाच नव्हता.

"सर, कायद्याने तिची स्वतःची संमती लागते."

"तिला कळतं का काही?"

"अजून कोणी विचारलंच नाहीये."

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "सोमवारपर्यंत काय ते बघा," म्हणाले.

मनालीची आई जनाबाई मासळी विकायची. तिला मी कायदा सांगायला गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमचा बरोबर हाय. पन मी बाजारात बसते. सासू होती तवर तिनं बघितला. आता घरात कोन हाय? चार दिस पोर तशीच बसून असते. तुमी येनार का?"

मला राग आला, आणि तो काढायला कोणीच सापडेना. बाई खोटं कुठे बोलत होती?

एकटीच्याने होणारं नव्हतं. म्हणून सुकापूरला एका सोसायटीचा हॉल मिळवून मी तीन गटांना बोलावलं. गर्भपाताच्या हक्कासाठी झटणाऱ्या बायका, अपंगांच्या संघटनेची नीता आणि तृतीयपंथीयांच्या गटाची सलमा. तिघांचं म्हणणं एकच, आमच्या शरीराचं आम्ही ठरवू. पण आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. व्हीलचेअरवरची नीता बायकांना म्हणायची, "सोनोग्राफीत व्यंग दिसलं की पाडा, असं ऐकलं की मला माझंच मरण ऐकल्यासारखं वाटतं." सलमाची तऱ्हा वेगळी. तिला हवं ते लिंगबदलाचं ऑपरेशन वर्षानुवर्षं मिळत नव्हतं, आणि मनालीला न मागता मिळत होतं.

ती दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते. खिडक्यांना निळे पडदे होते, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे निळसर, आम्ही जणू खाडीच्या तळाशी बसलोय. वरून विमान गेलं की बोलणाऱ्याचे नुसते ओठ हलायचे. मग आवाज परत यायचा आणि भांडण सोडलं तिथून पुढे चालू. घोषणेत आधी कोणाचं नाव, बॅनर कोणाचा. जनाबाईला आणि मनालीलाही मी आणलं होतं. मनाली आईशेजारी बसून पडद्यातून येणारा उजेड तळहातावर धरत होती. येणारी प्रत्येक जण आधी तिच्याकडे जायची. कोणी गाल कुरवाळला, कोणी केस सारखे केले. एकीने तर हात धरून तिला खुर्चीवरून उठवलं आणि फोटोसाठी मधोमध बसवलं.

"हात नको," मनाली म्हणाली.

मोठ्याने नाही. पण नेमकं तेव्हा विमान नव्हतं.

शरीराच्या हक्कासाठी जमलेल्या आम्ही सगळ्या, आणि त्या मुलीला हात लावण्याआधी एकीनेही विचारलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की पडद्याआड जाऊन उभं राहावंसं वाटलं. नीता हळूच म्हणाली, "हिला कळत नाही म्हणे."

जनाबाई पदराशी चाळा करत होती. "तिला नको असला का ती बोलते," ती म्हणाली. "मीच आयकत नाय."

सोमवारी डॉक्टरांनी मनालीला चित्र काढून दाखवलं. पोटातलं काय काढणार, टाके पडणार, मूल होणार नाही. सोप्या शब्दांत, दोनदा. तिने चित्र बघितलं, स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"माजा हाय. नको."

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "कॅन्सल," म्हणाले. मला वाटलं, जिंकलो.

बाहेर जनाबाई रडत होती. "आता चार दिस कोन बघल?"

मीटिंगमधल्या सगळ्याही आल्या होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि सलमा पुढे झाली.

"मी येते."

जनाबाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी?"

"हां, मीच. मला कुठे पाळी येते? चारही दिवस मोकळी असते."

जनाबाई रडता रडता हसली. मग नीता म्हणाली, ती मनालीला पॅड बदलायला शिकवेल. गर्भपातवाल्या बायकांनी उरलेल्या दुपारी वाटून घेतल्या.

आता मनाली बरंचसं स्वतः करते. कधी विसरते, मग आईच्या शिव्या खाते. आमच्या आघाडीला अजून नाव नाही, घोषणेचा वाद मी रिटायर झाले तरी चालूच आहे. जनाबाईने मध्ये विचारलं, "तुमची येवडी भांडनं, मंग एका घरी कशा येता?"

"भांडायला संध्याकाळ आहे की," नीता म्हणाली.

एवढ्या नोकरीत शिकले ते इतकंच. कोणाचं 'नको' आपण ऐकलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जावं लागतं.