झाडून ठेवलेली गल्ली

महापालिकेतल्या नोकरीची बरीच वर्षं मी गल्ल्यांना गुण देण्यात घालवली. रस्ता, गटार, विजेचे खांब, पाण्याची लाइन असे रकाने असलेला एक फॉर्म असतो. गुण जितके कमी, तितकी गल्ली खराब, आणि खराब गल्लीचं काम आधी. शाळेच्या अगदी उलट. हे लोकांना कोणी सांगत नाही. आम्हीही सांगायच्या भानगडीत पडत नाही. विचारायला आलेल्याला 'वरून ठरतं' म्हणून वाटेला लावायचं, आणि त्यात मी चांगलाच पटाईत होतो.

धुळ्यातल्या त्या गल्लीत गेलो तेव्हा एप्रिल होता. गिरणी चालू असताना कामगारांनी बांधलेली दोन-दोन खोल्यांची घरं, मधे जेमतेम रिक्षा जाईल एवढी वाट. साहेब पाहणीला येणार, असा निरोप आदल्या दिवशी गेला होता. बायकांनी भल्या पहाटे उठून गल्ली झाडली होती, गटार खरवडून काढलं होतं, गाळ पोत्यांत भरून लांब नेऊन टाकला होता, वर फिनेल ओतलं होतं. काही दारांपुढे तर रांगोळ्या. माझी स्वारी खूश झाली. सकाळपासून घाणीत फिरून डोकं उठलं होतं. इथे निदान नाकाला रुमाल लावावा लागत नव्हता.

गल्लीच्या वतीने एक अक्का पुढे आल्या. साठीच्या, काटक, डोक्यावरचा पदर घट्ट धरून बोलणाऱ्या. "भाऊ, बठ्ठी गल्ली झाडीसनी ठेयेल शे," त्या म्हणाल्या, आणि मग मुद्द्यावर आल्या. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि पहिले तीन-चार हंडे पिवळे, वास मारणारे. त्यांच्या सुनेला चौथा महिना होता. प्यायचं पाणी त्या उकळून द्यायच्या, पण भांडी, चूळ, आंघोळ सगळ्याला तेच.

"तिले हाई पानी कसं पाजू?" त्यांनी विचारलं. "पानी येई त्या दिन या, मंग दखा."

पाणी पुढे मंगळवारी सुटणार होतं. मी म्हणालो, मंगळवारी नक्की येतो.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जुनी बिडाची लाइन कोरड्या दिवशी पाहून काही कळत नाही. ती गटाराला चिकटून जाते. पाणी सुटलं की घरोघरी मोटरी लागतात, आणि लाइनला जिथे भोक असेल तिथून त्या मोटरी गटारातलंही ओढतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नव्या इंजिनिअरांना मीच शिकवायचो, की पाण्याच्या दिवशी जा, पहिली दहा मिनिटं नळापाशी उभे राहा.

मंगळवारी मी गेलो नाही. कारण काही मोठं नव्हतं. ऊन मरणाचं होतं आणि कूलरसमोरून उठायचा कंटाळा आला. फॉर्म त्या आठवड्यात द्यायचे होते, म्हणून जे पाहिलं होतं त्यावरून भरून टाकले. रस्ता चांगला. गटार स्वच्छ. गळती आढळली नाही. गुण भरपूर पडले आणि गल्ली पहिल्या टप्प्यातून बाहेर गेली. शेजारच्या गल्लीत कोणी केरसुणीला हात लावला नव्हता. तिथे पावसाळ्याआधी नवी लाइन पडली.

ऑगस्टमध्ये आरोग्य विभागाकडून काविळीच्या रुग्णांची यादी आली. पत्ते बहुतेक त्याच गल्लीचे. पुरुष, पोरं आठ-पंधरा दिवस अंथरुणावर राहून हळूहळू उठले. अक्कांची सून उठली नाही. पोटुशी बाईला कावीळ फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले. बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं आणि वाचलं. ती चौथ्या दिवशी गेली.

मग मात्र आम्ही पाण्याच्या दिवशी गेलो आणि लगेच खणायला घेतलं. रस्त्यावरचं काँक्रीट खरंच चांगलं होतं, फोडायला दीड तास लागला. खाली पाइप गटाराच्या भिंतीत रुतलेला, आणि मजुराने हाताने चोळला तर त्याचे पापुद्रे सुटायला लागले. मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो आणि मला स्वतःची शिसारी आली.

अक्का बाळाला घेऊन ओट्यावर आल्या. गुणांचं गणित त्यांना आता कोणीतरी सांगितलं होतं. शेजारच्या गल्लीला लाइन का मिळाली, तेही त्यांना कळलं होतं. त्या दिवशी बायकांना उठवून कामाला लावणाऱ्या त्याच होत्या.

"झाडाले नको व्हतं, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "चूक मन्हीच शे."

मी सांगायला हवं होतं, की अक्का, चूक तुमची नाही, मंगळवारी मी यायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण खड्ड्यात मजूर होते, बाजूला माझ्या हाताखालचे दोघे होते, दारांत माणसं होती, आणि मला माझ्या अब्रूची भीती वाटली.

"होतं असं, अक्का," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.