घरी एकतीस, बाहेर नऊ

"चाळ नंबर किती तुमचा?"

व्हिएन्नातल्या एका घरात, चौथ्या मजल्यावर, मला हा प्रश्न विचारला गेला. समोर मखरात गणपती, दीड दिवसाचा. विचारणारे काका पंचाहत्तरीचे, दादरचे, मुलीकडे राहायला आलेले. आवाज प्रेमळ. मी नुकताच म्हणालो होतो की मी परळचा. परळला कुठे? सरकारी चाळीत. मग हा प्रश्न.

बाहेरच्या माणसाला तो साधा वाटेल. तो साधा नाही. आमच्याकडे कुठल्या नंबरात कोण राहतं हे चाळी बांधल्या तेव्हापासून ठरलेलं. या नंबरात कोकणातले मराठे, त्या नंबरात आणखी कोण, आणि टोकाच्या नंबरांत आम्ही. जुन्या दादर-परळकरांना पाढ्यांसारखं पाठ. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. नंबरातून कळतं.

"नऊ," मी म्हणालो.

"म्हणजे कोकणातले. वा."

मी मान हलवली. माझ्या शेजारी मिलिंद बसला होता. माझा मित्र. एकतीस नंबर, तिसरा मजला, आमच्या शेजारची खोली. माझीही तीच चाळ. एकतीस.

तो मखराकडे बघत राहिला. मीच त्याला बजावून आणलं होतं. खरं तर तो येतच नव्हता. "तू जा, मी म्युझियम बघतो," म्हणाला होता. पण माझ्या ऑफिसातल्या शुभदा मॅडमच्या मुलाचं ते घर. मॅडमनी चारदा सांगितलेलं, व्हिएन्नात असाल तर गणपतीला जाच. मी मिलिंदला म्हटलं, चल रे, दोन तास. जेवू आणि निघू. फक्त चाळीचा विषय काढू नकोस. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

मॅडमची सून सई, म्हणजे काकांची मुलगी, कॉफी घेऊन आली. मी तिला कौतुकाने सांगितलं की आम्ही दोघं लहानपणापासूनचे, मिलिंद चित्रकार, पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. काका म्हणाले, "बघू तरी काय काढलंय." मिलिंदने वही दिली. बुडापेस्टचा पूल. पाव विकणारी बाई. हॉस्टेलची दुमजली खाट आणि वर चढताना अडकलेला मी. सगळे हसले. काका पानं उलटी चाळायला लागले, शेवटाकडून सुरुवातीकडे. पहिल्याच पानावर आमची चाळ. निघण्याआधी त्याने काढली होती, पाडणार म्हणून. जिना, पाण्याचं पिंप, वाळत घातलेली गोधडी. दाराच्या कमानीवर नंबर. मिलिंद काही सोडत नाही चित्रात. नंबरही सोडला नव्हता.

काकांनी चष्मा वर केला. "ही कुठली?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. तो थांबला होता. मी बोलावं म्हणून थांबला होता, हे मला तेव्हाही कळलं.

मी बोट केलं. त्याच्याकडे.

"ती याची. मी नऊमधला. शाळा एक होती आमची."

"अच्छा. एकतीस." काकांनी वही मिटली. हलकेच मिटली आणि त्याच्या हातात न देता टीपॉयवर ठेवली. "तुमच्यातले बरेच पुढे आले आता. छान आहे." मग घड्याळ बघितलं. "चला, आरती करून घेऊ." मिलिंदला म्हणाले, "तुम्ही बसा आरामात. तुमच्यात हे चालत नाही ना. आपल्याकडे सक्ती नाही हं." आणि मला म्हणाले, "या तुम्ही. निरांजन घ्या हातात."

मी उठलो. निरांजन घेतलं.

आमच्या घरी गणपती नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून नाही. तरी मला आरती पाठ आहे, शेवटच्या कडव्यापर्यंत. ती कुठे पाठ झाली तेही सांगतो.

दादरची शाळा. पाचवी. आईने हट्टाने घातलेलं त्या शाळेत. वर्गात गणपती बसवलेला आणि आरतीचं तबक माझ्या हातात, कारण मी उंचीने सगळ्यांत लहान, पुढे उभा. तेवढ्यात दुसऱ्या तुकडीच्या बाई आल्या. "कुठे राहतोस रे?" परळ. "नंबर?" मी अभिमानाने सांगितलं, एकतीस. पत्ता नुकताच पाठ झाला होता. बाईंनी तबक माझ्या हातातून काढून मागच्या मुलाकडे दिलं. तो नऊ नंबरात राहायचा. मला म्हणाल्या, "तू दारात थांब. चपला सांभाळ. कुत्री नेतात."

मी दारात थांबलो. वर्गभराच्या चपला. आत आरती चाललेली. दहा दिवस रोज ऐकली. झाली पाठ.

पहिल्याच दिवशी शेजारच्या तुकडीतला मिलिंद पाणी प्यायला बाहेर आला. त्याने मला पाहिलं, चपला पाहिल्या. येऊन माझ्या बाजूला उभा राहिला. त्याला कुणी उभं केलेलं नव्हतं. दहाही दिवस आला. वर म्हणायचा, "बाटाचे किती आहेत मोज, मी स्लिपर मोजतो."

पुढच्या वर्षी नव्या बाईंनी नंबर विचारला. मी नऊ सांगितला. कुणी तपासायला आलं नाही. इतकं सोपं होतं ते. मग कॉलेजात नऊ. गिरगावातल्या ऑफिसात नऊ. लग्नानंतर माहीमला राहायला गेलो, तरी मूळचे कुठले विचारलं की नऊ. मुलगी मोठी झाली, आजीकडे चाळीत जायला लागली, तेव्हा तिलाही शिकवलं. घरी एकतीस, बाहेर नऊ. ती सात वर्षांची होती. "का?" म्हणाली. मी म्हटलं, असंच.

मिलिंद कधी नऊ म्हणाला नाही. माझं नऊ त्याला माहीत होतं. त्यावरून त्याने मला कधी टोचलं नाही.

व्हिएन्नात आरती संपली. मी वळून पाहिलं तर सोफा रिकामा. टीपॉयवरची वही नाही. दाराशी गेलो. तिथे माझे बूट होते, घरच्यांचे होते. मिलिंदचे कॅनव्हासचे बूट नव्हते.

मी जेवलो. हेही सांगून टाकतो. तीन मोदक खाल्ले. काकांनी आग्रह केला.

ही सहल मिलिंदची होती. नववीत असताना त्याला कुणीतरी जुनं कॅलेंडर दिलं होतं, प्रत्येक महिन्याला युरोपातलं एक चित्र. वर्ष संपलं तरी त्याने ते जपलं. बाराही चित्रं एकदा खरी बघायची, म्हणायचा. सदतीस-अडतीस वर्षं म्हणत होता. त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली, मी रजा काढली. दादरहून पाठीवरच्या सॅक घेतल्या, हिंदमाताहून आतले गरम कपडे. बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन. बावन्नाव्या वर्षी पोराटोरांच्या हॉस्टेलात. पहिल्या दिवशी खाटेवरून वाद. "तू वर चढ, मला गुडघे आहेत." "मला काय पंख आहेत?" शेवटी नाणं उडवलं. बुडापेस्टला नदीकाठी उकडलेली कणसं खाताना मिलिंद म्हणाला होता, "इथे कुणी नंबर विचारत नाही रे. बरं वाटतं नाही?"

मी हो म्हणालो होतो. तीनच दिवस झाले होते त्याला.

हॉस्टेलवर परत आलो तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता. दुसऱ्या दिवशीच्या प्रवासासाठी अंडी उकडत होता.

"मिल्या, ऐक ना."

"प्रागची बस साडेनऊला आहे."

"माझी चूक झाली."

"कसली?"

"ते... आरतीला उभा राहिलो."

"त्याचं मला काही नाही. तुझं तू बघ." त्याने गॅस बारीक केला. "जेवलास ना? बरं केलंस. लपायचं तर लपायचं, मी आडवा आलो का कधी? दोन तास मीसुद्धा लपलो असतो तुझ्याबरोबर. विषय काढू नको म्हणालास, नाही काढला. चित्र आधीच काढलेलं होतं, त्याला मी काय करू?"

मला हसू आलं. तो हसला नाही.

"तू बोट केलंस," तो म्हणाला. "चाळीत कुणी काच फोडली तरी आपण बोट करत नव्हतो. मार खायचो सगळे. तू मला पुढे ढकललंस आणि माझ्यामागे लपलास."

त्याने सहा अंडी सोलली. तीन माझ्या डब्यात भरली. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

म्हणजे बोलला. "फलाट चार." "पासपोर्ट घे." "चावी खाली दिली." एवढंच. बुकिंग सगळीकडे दोघांच्या नावावर एकत्र. प्रागला तो वरच्या खाटेवर, मी खालच्या. बर्लिनला मी वर, तो खाली. मधे एक फळी. बर्लिनच्या हॉस्टेलातल्या मुलीने विचारलं, तुम्ही दोघं बरोबर आहात का. मिलिंद म्हणाला, "बुकिंग एक आहे."

सकाळी तो त्याची चित्रं बघायला निघून जायचा. मी दुसऱ्या दिशेला. नुसता चालायचो. बसलो की तो हात आठवायचा, माझा, बोट पुढे केलेला. उठायचो, पुन्हा चालायचो. पूल ओलांडायचा, परत ओलांडायचा. प्रागमध्ये घरांच्या दारांवर दोन दोन नंबर असतात, एक लाल पाटीवर, एक निळ्या. मी ते वाचत सुटलो. कुणाला त्यातून काही कळत असेल का? कुठल्या नंबरात कोण? एका गल्लीत निळ्या पाटीवर एकतीस दिसला. थांबलो. किती वेळ उभा होतो माहीत नाही. आतून एक म्हातारी कुत्र्याला घेऊन बाहेर आली. मी तिथलाच समजून तिने दार धरून ठेवलं माझ्यासाठी. काहीतरी म्हणाली, बहुतेक 'या' म्हणाली. मी पळालो. अक्षरशः पळालो, सॅक पाठीवर आपटत.

मुंबईत विमानतळाबाहेर मिलिंदने सॅक खांद्याला लावली. "वहिनीला फोन कर, वाट बघत असेल," म्हणाला. आणि मग, "जातो."

आपल्याकडे कुणी जातो म्हणत नाही. दोन मिनिटांसाठी खाली उतरतानाही येतो म्हणतात. आयुष्यभर तो मला येतो म्हणत आलेला.

सोमवारी ऑफिसात डबे उघडले. शुभदा मॅडम आणि मी एका टेबलावर जेवतो, सव्वीस वर्षं. त्यांनी माझ्या ताटात आळूवडी ठेवली आणि म्हणाल्या, "सईचे बाबा सांगत होते, तुमचा तो मित्र न सांगताच निघून गेला म्हणे. आपण कितीही करा, काही लोकांना रीत नसतेच."

मी आळूवडी तोंडात घालायच्या बेतात होतो. खाली ठेवली.

"काका कुठे आहेत आता?"

"आले ना परवाच दादरला."

"फोन लावा त्यांना."

त्यांना वाटलं मी आभार मानणार. त्यांनी लावून दिला.

"काका, मी नऊ नंबरवाला बोलतोय. व्हिएन्नाला आलो होतो."

"हां हां, बोला बोला."

"मी नऊमधला नाही. एकतीसमधला. मिलिंदच्या शेजारची खोली. मी तुमच्यासमोर खोटं बोललो."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"मग आरतीला कशाला उभे राहिलात?"

प्रश्न बरोबर होता. त्या घरात मला कुणी विचारलेला तो पहिला बरोबर प्रश्न.

"घाबरून," मी म्हणालो. "तुम्ही नंबर विचारलात म्हणून."

"अहो, मी सहज विचारलं."

"सहज नाही विचारलंत. एकतीस कळल्यावर तुम्ही वही मिटलीत. हातात परतसुद्धा दिली नाहीत."

त्यांनी फोन ठेवला.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "आम्ही असलं काही मानत नाही हो," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत मी कधी विचारलं तरी का तुम्हाला?"

"विचारलंत. पहिल्या आठवड्यात. मी नऊ सांगितलं, मग तुम्ही डबा पुढे केलात."

त्यांना ते आठवत नसणार. मला ती भाजीही आठवते. भेंडीची होती.

आता त्या त्यांच्या जागेवर बसून जेवतात. काम असतं म्हणतात. असेल.

रविवारी मुलीला घेऊन चाळीत गेलो. खोल्या रिकाम्या झाल्यात, खिडक्यांच्या चौकटी काढून नेल्यात. कमान अजून आहे. त्यावरचा नंबर दिसतो. मी तिला सगळं सांगितलं, बोट केल्याचंही. आणि म्हणालो, तुला मी खोटं शिकवलं. यापुढे बाहेरही एकतीस सांग.

ती कमानीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी कधी नऊ सांगितलंच नाही, पप्पा. शाळेतसुद्धा नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

म्हणजे आमच्या घरात लपलेला मी एकटाच होतो.

मिलिंदला मी मेसेज केला. दोनच ओळी. काकांना एकतीस सांगितलं. मॅडमनाही. त्याने वाचला. उत्तर नाही. त्याने उत्तर द्यावं असं मी म्हणणार नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी करावं लागतं, आणि त्याने माझ्यासाठी पुष्कळ केलंय. दहा दिवस चपलांपाशी उभा राहिलाय.

चाळ पडेल. तिथे टॉवर येतील, त्यांना ए, बी, सी नावं देतील, आणि विचारणारे तेही पाठ करतील, कुठल्या टॉवरात कोण. विचारू देत. मी आता कुणी विचारायची वाट बघणार नाही. ऑफिसात, लग्नात, डॉक्टरच्या रांगेत, जिथे जिथे मी नऊ सांगून ठेवलंय तिथे तिथे परत जाणार आहे. यादी केली आहे. मोठी आहे. एकेकाच्या समोर उभा राहून सांगणार आहे, एकतीस. ज्याला डबा बंद करायचाय त्याने माझ्यादेखत करावा.