भरीत पार्टीतले स्टीलचे चमचे

वांगी अजून कोळशावर होती आणि मी चमच्यांच्या टबाभोवती येरझारा घालत होते. जानेवारीतला रविवार. अमेरिकेतल्या शॉमबर्गजवळच्या पार्कातलं पिकनिक शेल्टर, म्हणजे वर छप्पर आणि चारही बाजूंनी वारा. ऊन लख्ख होतं, पण नुसतं दिसायला. टेंपरेचर एक आकडी, तेही फॅरनहाइटमध्ये, म्हणजे सेल्सिअसच्या शून्याच्या बरंच खाली.

आमच्या मराठी मंडळाची भरीत पार्टी दर हिवाळ्यात उघड्यावरच होते. अध्यक्षकाका जळगावचे. त्यांच्याकडे थंडी पडली की शेतावर जाऊन वांगी भाजतात, ठेचतात आणि तिथेच बसून खातात. जळगावच्या थंडीला स्वेटर पुरतो, इथे पापण्यांवर बर्फ धरतो, हा फरक काकांनी इतक्या वर्षांत मान्य केलेला नाही.

माझी येरझार मात्र थंडीमुळे नव्हती. दिवाळीच्या कार्यक्रमानंतर प्लास्टिकच्या ताटल्या-चमच्यांनी भरलेल्या काळ्या पिशव्या मी स्वतः हॉलमागच्या कचरापेटीत ढकलल्या होत्या. झाकण बसेना, तेव्हा एकाने वर चढून गुडघ्याने पिशव्या दाबल्या. खाली सगळं कडकड मोडलं. तो आवाज डोक्यात घेऊन मी घरी आले आणि पत्रक लिहिलं, कार्यक्रमांत प्लास्टिक नको, स्टीलची भांडी वापरा म्हणून. मला दुसरं काही लिहिताच येत नाही. नागपूरला आमच्या घरी बाबा पत्रकं लिहायचे, आई ती चौकात वाटायची आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. ‘जागे व्हा’ हे दोन शब्द मला ‘कमळ’ आणि ‘गवत’च्या आधी वाचता आले.

मंडळाच्या ग्रुपवर माझं पत्रक पडलं. पहिलं उत्तर आलं, “टू लाँग यार, कोणी समरी द्या.” पण मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि बसले नाही. शेवटी काका म्हणाले, “हे बघ, भरीत पार्टीला तुझं स्टील आणू. जमलं, तर गुढीपाडव्यापासून सगळे कार्यक्रम स्टीलवर. नाही जमलं, तर विषय बंद. परत पत्रक नाही, भाषण नाही.”

त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी मी हो म्हटलं होतं.

मग मी घरोघर फिरून ताटं, वाट्या, चमचे गोळा केले. खरकट्यासाठी टब, साबण, पुसायला पंचे, घासायचं काम माझ्याकडे. सगळा विचार केला होता. फक्त सगळी भांडी आदल्या दिवसापासून माझ्या गाडीच्या डिकीत होती आणि गाडी उघड्यावर होती, याचा विचार केला नव्हता. हिवाळ्यात इथे कोणी बाहेर स्टीलमध्ये का जेवत नाही, हेही मी कोणाला विचारलं नव्हतं. सगळे आळशी आहेत, असं मी धरून चालले होते.

भरीत झकास झालं होतं. लसणाचा आणि जळक्या सालीचा वास सगळ्या शेल्टरभर. पण ताटात पडलं की वाफ एकदाच वर यायची आणि मग काही नाही. कडेला तेल गोठून पांढरं होत होतं. पुऱ्यांचं चामडं झालं. ग्लोव्ह्ज काढायला कोणी तयार नव्हतं, म्हणून जो तो चमच्याने खायला लागला. पहिला घास अर्थातच काकांचा. त्यांनी भरीत तोंडात घातलं, डोळे मिटले, चमचा सवयीप्रमाणे नीट चाटला आणि तो ओठाशी तसाच धरून म्हणाले, “असं भरीत अख्ख्या अमेरिकेत...”

पुढचं आलंच नाही. “अं,” ते म्हणाले. “अं, अं.”

“काय काका, इतकं आवडलं?” पुण्याचा, आयटीतला एकजण ओरडला. सगळे हसले.

काकू हसल्या नाहीत. त्या रिटायर्ड डॉक्टर. दोन पावलांत काकांपाशी पोचल्या. “ओढू नका हो! सालटं निघेल ओठाचं. चमचा चिकटलाय. कोमट काहीतरी आणा रे!”

हाताशी कोमट असा एकच पदार्थ होता, थर्मासमधला निवत आलेला चहा. मी धावत नेला. काकूंनी तो काकांच्या खालच्या ओठावर हळूहळू ओतला. आलं-वेलची हनुवटीवरून मफलरमध्ये उतरली. “लग्नानंतर पहिल्यांदा एवढा वेळ गप्प बसलेत,” काकू म्हणाल्या आणि चमचा अलगद सुटला. ओठावर रक्ताचा एक ठिपका आला.

लगेच प्रत्येकजण आपापल्या चमच्याकडे संशयाने बघायला लागला. एका बाईंनी चमचा जॅकेटच्या आत काखेत धरला. पुण्याचा तो म्हणाला, “आपण ऑनसाइट नोकरीला आलोय की सियाचीनला?” आणि तडक गाडीकडे गेला. परत आला तो प्लास्टिकच्या चमच्यांचं न फोडलेलं पाकीट घेऊन.

“हे कुठून आणलंस?” मी विचारलं.

“बॅकअप. प्रॉडक्शनमध्ये कोणी रोलबॅक प्लॅनशिवाय जातं का? फसलं तर मागे फिरायला नको?”

“थांब. फोडू नकोस. मला पाच मिनिटं दे.”

दुसऱ्या चहासाठी कोळशावर पाणी चढवलेलं होतं. मी सगळे चमचे त्यात ओतले. “ए, आमचा चहा!” मागून आरडाओरडा झाला, मी ऐकला नाही. चिमट्याने एकेक चमचा काढायचा, पंच्याने कोरडा करायचा, पळत नेऊन हातात द्यायचा. गरम चमचा दोन-तीन घास टिकायचा. मग हाक यायची, “अगं, माझा गार झाला.” मी परत पळायचे. माझी बोटं सुन्न झाली होती. मागे वळून बघितलं तर पाकीट फुटलेलं होतं आणि निम्मी मंडळी पांढऱ्या चमच्यांनी निवांत जेवत होती. प्लास्टिकला थंडीचं काही वाटत नव्हतं. मला त्याचाच राग आला.

बाकाच्या टोकाला एक मावशी होत्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. ताट मांडीवर, हात शालीत. त्या माझ्या चमच्याची वाट बघत होत्या आणि त्यांचं भरीत घट्ट होत चाललं होतं. पुण्याच्याने त्यांच्यापुढे प्लास्टिकचा चमचा धरला. त्यांनी तो घेतला नाही. माझ्याकडे बघून विचारलं, “घेऊ का गं?”

त्या परवानगी मागत होत्या. माझी. भुकेलेल्या म्हातारीने माझ्या पत्रकासाठी घास अडवून धरला होता. असली पत्रकं आमच्या घरी कोणी लिहिली नव्हती.

“घ्या, मावशी,” मी म्हटलं. “आणि आधी गरम भरीत वाढते, थांबा.”

त्यानंतर मी कोणाला अडवलं नाही. पण प्लास्टिकचा चमचा मी स्वतः घेतला नाही. ग्लोव्ह काढून हाताने जेवले, आणि ते सोपं होतं असं मी म्हणणार नाही.

आवराआवर झाल्यावर मी काकांच्या गाडीपाशी गेले. काकू स्टिअरिंगवर, काका शेजारी, ओठाला रुमाल. काकांनी काच बोटभर खाली केली.

“विषय...” त्यांनी सुरुवात केली.

“बंद म्हणू नका. पाडवा हॉलमध्ये असतो, काका. हॉलला हीटिंग असतं.”

“तुझं तोंड कधी चिकटत नाही का गं?”

“एक चमचा द्या तिला,” काकू म्हणाल्या.

“तू म्हणाली होतीस जमेल. जमलं का?” काकांनी विचारलं.

“बाहेर नाही जमलं.”

“पैज बाहेरचीच होती.”

ते खरं होतं. पण मी काचेची कड बोटांनी धरून ठेवली.

“हात काढ बाई, अडकेल,” काकू म्हणाल्या.

मी काढला नाही. काकांनी रुमाल बाजूला करून ओठ चाचपला. “कमिटीत मांड,” ते म्हणाले. “मी विरोधात बोलणार आहे. कडक बोलणार आहे. हा ओठ बरा झाला की.”

“मग तो बरा होईपर्यंत मी थांबते.”

काच वर गेली. विषय बंद झाला नव्हता, जिंकलाही नव्हता. घरी जाताना मागच्या सीटवर ताटं खणखणत होती आणि हीटरने खरकटं भरीत सुटून गाडीभर लसूण झाला होता. मी मोठमोठ्याने कमिटीपुढचं भाषण बोलून बघत होते. ‘सभासदहो’ने सुरुवात केली, खोडली. ‘जागे व्हा’ तर नकोच. मग म्हटलं, “काका, काकू, मला एक विचारायचंय,” आणि पुढे नक्की काय विचारायचं ते सुचेना; आजवर मी कोणाला काही विचारलंच नव्हतं. सिग्नल हिरवा झाला होता. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता.