फाट्यावरची ओवाळणी

आमच्या फाट्यावर मारुतीचं लहानसं देऊळ आहे. नवं ट्रॅक्टर असो की मोटारसायकल, तिथे नारळ फोडल्याशिवाय कोणी पुढे नेत नाही. तालुक्याच्या साहेबांची नवी सरकारी गाडी परभणीहून यायची होती, तीही तिथेच थांबणार होती. ग्रामसेवकानं निरोप धाडला की पाच सवाष्णींनी ताटं घेऊन यावं. त्यात माझं नाव कसं आलं कोण जाणे. मी चारचौघींत बोलत नाही. हळदीकुंकवालाही दाराजवळची जागा धरते.

त्या वेळी माझी मुलगी घरीच होती. ती आठवीत. तिचं हायस्कूल मोठ्या रोडवरच्या गावात आहे, आणि मुलींना फुकट नेणारी निळी बस दिवाळीपासून बंद होती. बस बिघडली नव्हती. वरून पैसाच आला नाही म्हणत होते. पायी धाडावं तर दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर गेलेला, मधे वस्ती नाही. ऑटोवाला जे मागतो ते आमच्या रोजगारात बसत नाही. घरच्यांनी सांगून टाकलं होतं, संक्रांतीपर्यंत बस सुरू झाली तर पोरगी जाईल, नाहीतर तिला कापूस वेचायला संगं नेत जा. मी काय बोलणार? माझी शाळाही चौथीतच सुटली. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडे होती, एवढंच कारण.

यावर तोड त्या पाचांतल्याच माझ्या थोरल्या जावेनं काढली. ओवाळल्यावर समोरच्यानं ताटात काहीतरी टाकायचं असतं, रिकामं ताट कोणी परत पाठवत नाही. तर साहेबांकडून पैसे घ्यायचे नाहीत, पोरींची बस मागायची. सगळ्यांना पटलं. बोलायचं जावेनं, आम्ही नुसतं मागे उभं राहायचं, असं ठरलं.

त्या दिवशी मुलीनं सकाळीच दप्तर भरलं आणि शाळेचा ड्रेस घातला. मी तिला तशीच संगं फाट्यावर नेलं.

गाडी आली. पांढरीशुभ्र, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. पुढे झेंडूचा हार पार खालपर्यंत लोंबत होता. जाऊ माझ्या कानाशी लागून म्हणाली, "माझ्या लग्नात बी एवढा हार नव्हता गं. नवऱ्याला बी नव्हता." आम्ही पदर तोंडाला लावून हसलो. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. जावेनं गाडीला ओवाळलं, मग साहेबांना ओवाळलं. साहेबांनी खिशातून नोट काढली आणि जावेच्या तोंडून शब्दच फुटेना. एवढी तिखट बाई, नुसते ओठ हलत होते. नोट ताटाच्या वर आलेली. मग मीच बोलले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"पैसे नको साहेब. पोरींची शाळेची बस चालू करून द्या."

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. ते चांगलं मोकळं हसले. म्हणाले, ती बस काही त्यांच्या हातात नाही. ही गाडी तरी त्यांनी कुठे मागितली होती, आधीची जुनी झाली म्हणून वरूनच नवी आली. मग त्यांचं लक्ष दप्तर घेतलेल्या माझ्या मुलीकडे गेलं.

"ही तुमची का ताई? चल बाळा, बस आत. आज तुला आमी सोडतो शाळेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी त्या प्लास्टिकवर अंग चोरून बसली, तेव्हा ग्रामसेवकानं फोटो काढला. गाडी गेल्यावर पाहिलं तर ताटात नोट होतीच. कधी टाकली कळलं नाही.

संध्याकाळी मुलगी ऊसतोडीच्या बायांसंगं पायी घरी आली. पाय दुखत होते, पण तोंडावर आनंद मावत नव्हता.

"माय, आत लय गार हाय. भाईरचा कायच आवाज येत न्हाई." मग पाय चोळता चोळता तिनं विचारलं, "उद्या बी येतेल का ते?"

मी पाणी गरम करून तिच्या पायांवर ओतलं.

तो फोटो गावात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. साहेबांनी मुलींची सोय केली, असं खाली लिहिलं होतं. नंतर आम्ही दोघी जावा बसचं विचारायला ग्रामपंचायतीत गेलो, तर तिथल्या माणसानं तोच फोटो आम्हाला दाखवला. सोय झाली म्हटल्यावर पुढे काय मागायचं, ते आम्हाला सुचलं नाही. आम्ही परत आलो.

संक्रांत झाली. मुलगी आता माझ्यासंगं वेचणीला येते. आम्ही जिथे वेचतो ते शेत रोडला लागून आहे. सकाळी ती पांढरी गाडी परभणीकडे जाते. मागच्या सीटवर साहेबांचा मुलगा असतो, शाळेच्या ड्रेसमध्ये, एकटाच. मुलगी गाडी लांबूनच ओळखते. सुरुवातीला ती हात वर करायची. आता करत नाही. गाडी पुढे जाईपर्यंत ओटीतला कापूस खाली दाबत राहते.